खुर्चीचा मान कोणाला?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेल्समध्ये दर वर्षी एका गावात भला मोठा मंडप पडे आणि खास आगगाड्यांनी माणसं लोटत. त्यांत खाणकामगार असत, शेतकरी असत, चॅपलमधले गायक असत. हा राष्ट्रीय आयस्टेदवॉड. पहिला १८६१ साली अॅबरडेरला भरला. १८८० मध्ये त्यासाठी कायमची संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी मर्थरपासून तो नेमाने भरू लागला. गायनाच्या स्पर्धा गाजत, पण सर्वांत मोठा मान कवीला मिळे. तो मान म्हणजे कोरीव लाकडी खुर्ची.

तिची तयारी आदल्या वर्षीच सुरू होई. उत्सवाच्या किमान एक वर्ष आणि एक दिवस आधी ‘गोर्सेद’ हे कविमंडळ जाहीर घोषणा करी. हे मंडळ योलो मोर्गानुगने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर प्रथम भरवलं. प्राचीन परंपरा म्हणून त्याने जे सांगितलं, ते बहुतेक त्याच्याच कल्पनेतलं होतं. लोकांनी मात्र ते मनापासून आपलं केलं. कवितेचा विषय आयोजक ठरवून देत.

कविता ‘आउडल’ प्रकारात, म्हणजे जुन्या काटेकोर छंदांत लिहायची, आणि प्रत्येक ओळीत ‘कंगहानेद’ हवं. हा नियम समजला की खुर्चीची किंमत कळते. त्याच्या एका प्रकारात ओळीच्या पहिल्या भागातली व्यंजनं दुसऱ्या भागात त्याच क्रमाने यावी लागतात, स्वर बदलतात. मराठीत ढोबळ नमुना करायचा तर ‘सरला दिन, सुरेल दाद’. दोन्हीकडे स-र-ल-द येतं, शेवटचं व्यंजन मात्र वेगळं. वेल्श भाषेत याला आघाताचे नियमही जोडलेले आहेत. असं शेकडो ओळी चालवायचं आणि अर्थ ओढूनताणून आणलेला वाटू द्यायचा नाही! आपल्या अनुप्रासापेक्षा हे कितीतरी कडक आहे.

कवी टोपणनावाने कविता पाठवी. खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षकांपुढे फक्त कविता असे. पाद्री, दुकानदार, दगडखाणीतला कामगार यांना एकाच मापाने मोजणारी ही पद्धत मला या उत्सवातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एकही कविता पात्र ठरली नाही, तर त्या वर्षी खुर्ची कोणालाच मिळत नसे.

समारंभात परीक्षक निकाल वाचून विजेत्याचं टोपणनाव पुकारत. गर्दीतून तो उठून उभा राही, तेव्हाच लोकांना कळे की हा कोण. दोन कवी त्याला व्यासपीठावर आणत. त्याच्यावर तलवार अर्धवट उपसून धरत आणि मंडळाचा प्रमुख तीनदा विचारी, शांतता आहे ना? तिन्ही वेळा सगळा मंडप उत्तर देई, ‘शांतता’. मग तलवार म्यानात जाई आणि कवी खुर्चीत बसे.

१८७६ मध्ये रेक्सहॅमला टोपणनाव पुकारल्यावर कोणी उठलं नाही. विजेता, तालिएसिन ओ आयव्हियन, कविता पाठवल्यानंतर वारला होता. खुर्चीवर काळं कापड पांघरण्यात आलं.

खुर्चीच्या या मानाला एक दुखरी पार्श्वभूमी होती. १८४७ च्या सरकारी शिक्षण-अहवालाने वेल्श भाषेला लोकांच्या प्रगतीतली धोंड ठरवलं होतं. कित्येक शाळांत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. खुद्द आयस्टेदवॉडमध्येही भाषणं आणि मैफली बऱ्याच अंशी इंग्रजीत होत. मला हा त्या काळच्या आयोजकांचा मोठा दोष वाटतो. खुर्चीची कविता मात्र वेल्शच राहिली. १८९१ च्या जनगणनेत भाषेचा प्रश्न प्रथम विचारला गेला, तेव्हा वेल्समधले निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलत होते.

पूर्ण उत्सव वेल्शमध्येच, हा नियम १९५० मध्ये लागू झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिकडे जाणं झालं, तर शुक्रवारी खुर्चीच्या समारंभाला मंडपात जरूर बसा. भाषांतर ऐकण्याची सोय असते.