द्रवात ताणलेले प्लॅस्टिक

जबलपूरजवळ भेडाघाटात नर्मदा ज्या पांढऱ्या कड्यांमधून वाट काढते, त्यांचा संगमरवर मुख्यतः डोलोमाइट या खनिजाचा असून कॅल्साइट हे त्याचे अगदी जवळचे भावंड आहे. याच कॅल्साइटच्या स्फटिकांवर काम करताना १९२८ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ प्योत्र रेबिंदर यांना असे आढळले, की पृष्ठभागाला चिकटून राहणारी द्रव्ये सोबत असली तर स्फटिक कोरड्या हवेतल्यापेक्षा कमी जोराने फुटतो, आणि तेही तो विरघळत नसताना किंवा त्याचे रासायनिक रूप बदलत नसताना. घन पदार्थ फुटतो तेव्हा नवा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि तो उघडा पडण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. चिकटणारा द्रव हा खर्च कमी करतो, एवढेच या परिणामामागचे गमक.

प्लॅस्टिकलाही हाच नियम लागू पडतो, मात्र तेथे पुढची कथा फार निराळी होते. प्लॅस्टिक हे बहुवारिक असते, म्हणजे हजारो लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असते, आणि या साखळ्या परस्परांत गुंतलेल्या असल्यामुळे ते स्फटिकासारखे एका झटक्यात दुभंगत नाही. भोके पाडून स्क्रूने आवळलेल्या ॲक्रिलिकच्या पारदर्शक तावावर स्पिरिटचा बोळा फिरवला, की भोकांभोवती चांदीच्या केसांसारख्या चमकत्या रेषा उमटतात, हे दुकानाच्या पाट्या करणाऱ्या कारागिरांना चांगले ठाऊक असते. या रेषांना तडे म्हणण्याची रूढी असली, तरी इंग्रजीत त्यांना ‘क्रेझ’ असे वेगळे नाव आहे, आणि ते सार्थ आहे, कारण तड्याच्या आत पोकळी असते, तर क्रेझच्या दोन काठांना असंख्य सूक्ष्म तंतू सांधून ठेवतात. अमेरिकेत रॉजर कॅम्बर यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले, की ही रेषा सच्छिद्र पदार्थाने भरलेली असते.

उत्पादकाच्या दृष्टीने हा दोषच होय. मॉस्को विद्यापीठातील अलेक्सांद्र वोलिन्स्की आणि निकोलाय बाकेयेव यांनी मात्र या दोषातून पदार्थ घडवण्याची पद्धत उभी केली, आणि तिचा सविस्तर ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरतात त्या पीईटीची, साखळ्यांची मांडणी अजून अस्ताव्यस्त असलेली, काचेसारखी पट्टी साध्या हवेत ताणली, तर ती एका जागी कंबर आवळल्यासारखी निमुळती होते. तीच पट्टी प्रोपेनॉल या अल्कोहोलात बुडवून सावकाश ताणली, तर तिची रुंदी फारशी न घटता ताणाला काटकोनात बारीक रेषा उगवतात, त्या पट्टीच्या आरपार पसरतात, मग हळूहळू रुंद होत जातात, आणि प्रकाश विखुरला गेल्याने पारदर्शक पट्टी दुधासारखी पांढरी दिसू लागते. रेषेतील तंतू व त्यांमधील छिद्रे साधारणतः काही नॅनोमीटर ते वीसेक नॅनोमीटर जाडीची असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढ्या बारीक तंतूंचा एकत्रित पृष्ठभाग प्रचंड असतो, आणि हवेत तो टिकणे ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही; द्रव तंतूंना वेढून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून तो ‘क्रियाशील’. हा द्रव प्लॅस्टिकला भिजवणारा हवा, पण विरघळवणारा नको, ही निवड नाजूक असते.

ताण वाढवत नेला म्हणून छिद्रे सतत वाढतच जातात असे नाही. मूळ लांबीच्या दुप्पट-अडीचपट होईपर्यंत सच्छिद्रता चढते, त्यापुढे तंतू लांबून एकमेकांना बिलगू लागतात, आणि रचना पुन्हा दाट होते. द्रव वाळू दिला आणि ताण सोडला, तर छिद्रे बऱ्याच अंशी मिटतात, ही या पद्धतीची खरी अडचण. लिथियम-आयन बॅटरीतील विलगक पडदे कोरडे पॉलिप्रॉपिलीन ताणून करता येतात, आणि ते सच्छिद्रच राहतात. त्या तुलनेत द्रवातली पद्धत दुबळी वाटेल.

परंतु मिटणे हाच तिचा गुण ठरू शकतो. क्रेझ उघडते तेव्हा भोवतालचा द्रव आत ओढला जातो, आणि त्यात विरघळलेला पदार्थ, रेणू छिद्रांत मावण्याजोगे असतील तर, सोबत येतो. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याला सामान्य रंग धरत नाहीत, कारण रंगाला पकडून ठेवील असा कोणताही गट त्याच्या साखळीत नाही; हाच धागा रंगाच्या द्रावणात ताणला, की रंग छिद्रांत शिरतो. छिद्रांमध्ये धातूचे क्षार भरून तेथेच त्यांचे क्षपण केले, तर धातूचे नॅनोकण पसरलेले संमिश्र तयार होते, आणि कणांना वाढायला जागाच नसल्याने ते बारीकच राहतात. नंतर ताण सैल केला, की क्रेझचे काठ जवळ येतात, तंतू दुमडतात, आणि आत आलेला पदार्थ आतच कोंडला जातो.