नवलगढचे गोविंदराम आणि खामगावचे कॉलेज

बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याहून खामगावच्या 'जी.एस.' कॉलेजला शिकायला गेलेल्या पहिल्या पिढीतले आता पणजोबा झाले. विदर्भ शिक्षण प्रसारक मंडळाचे हे महाविद्यालय 1947 सालचे. पदवीच्या कागदावर नाव मिरवणाऱ्या कितीजणांना ही दोन अक्षरे गोविंदराम सेकसरियांची आहेत हे ठाऊक असेल? हा माणूस ना बुलढाण्याचा, ना वऱ्हाडाचा. राजस्थानातल्या शेखावाटीत, नवलगढ गावी 1888 साली तो जन्मला आणि तरुणपणीच रिकाम्या हाताने मुंबईला आला.

शेखावाटीतून माणसे का निघाली, हे थोडक्यात सांगता येते. पाणी कमी, शेती बेभरवशाची आणि वाळवंटातला जुना व्यापारमार्ग रेल्वेने ओस पाडलेला. मग लोटा, वही आणि नात्यातल्या एखाद्या पेढीचा पत्ता घेऊन ही मंडळी मुंबई, कोलकाता आणि वऱ्हाडातही पसरली.

खरी गंमत आहे ती कापसाच्या बाजारात. नांदुऱ्याच्या जिनात सरकी काढून दाबलेली गाठ मुंबईला पोहोचण्याआधीच तिच्या भावावर सौदे झालेले असत. लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कचे भाव तारेने येत. अमेरिकेत पीक बुडाले की मुंबईच्या काळबादेवीत भाव चढे. पुढच्या महिन्याचा माल आज ठरलेल्या भावाने विकायचा, म्हणजे हातातल्या मालाचा भाव पडला तरी व्यापारी बुडत नाही. पण अंदाजावर खेळणाऱ्याला हाच वायदा एका दिवसात रस्त्यावर आणतो. अशा बाजारात गोविंदराम टिकले आणि मोठे झाले. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या संस्थापक सभासदांत ते होते. लोक त्यांना 'कॉटन किंग' म्हणू लागले. 1943 साली त्यांनी उदयपूरला बँक ऑफ राजस्थान काढली. ती 2010 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली.

बँक गेली, कॉलेजे राहिली.

वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्या शिक्षा मंडळाने 1940 साली गोविंदरामांच्या देणगीतून वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. गांधीजींच्या आर्थिक विचारांवरून योजना मांडणारे श्रीमन्नारायण तिथे प्राचार्य होते. 1945 मध्ये नागपूरला दुसरे निघाले. गोविंदराम 1946 साली गेले. पुढे त्यांच्या नावाच्या धर्मादाय न्यासाने दिलेल्या देणगीतून 1952 साली इंदूरला तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली; आज तिथे प्रवेश मिळवण्यासाठी मध्य प्रदेशातली मुले जिवाचे रान करतात. खासगी कमाईचे असे शिक्षणात रूपांतर विदर्भाने आणखीही पाहिले आहे. कामठीचे रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातून नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे 'एलआयटी', 1942 मध्ये सुरू झाली.

सेकसरियांच्या दानातली वाणिज्य शाखा सर्वांत मोलाची वाटते. मंदिर, धर्मशाळा, पाणपोई हे दान शेखावाटीच्या शेठांना परंपरेने ठाऊक होते. इथे मात्र ज्या मुलखाचा कापूस मुंबईत विकला जाई, तिथल्याच मुलांना हिशेब, बँक आणि बाजार शिकवला गेला. 1870 साली लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव फाट्याचे उद्घाटन केले तेव्हा त्या रुळांवरून कापूस बाहेर जाणार होता. पाऊणशे वर्षांनी नांदुऱ्याची पोरे पुढच्याच जलंब स्थानकावर गाडी बदलून त्याच फाट्याने कॉलेजला जाऊ शकत होती. हे श्रेय एकट्या देणगीदाराचे नाही. स्थानिक मंडळाने, प्राध्यापकांनी कॉलेज चालवले म्हणून ते टिकले. नाव लावणे सोपे, दरवर्षी वर्ग भरवणे अवघड.

आज नांदुऱ्याची माणसे पुण्यात, मुंबईत, आखातात आणि अमेरिकेत राबत आहेत. त्यांपैकी काहींचे वडील जिनात हमाली करत, काहींची आई कापूस वेचायला जाई. त्या आईवडिलांच्या नावाने गावातल्या एखाद्या शाळेत किंवा महाविद्यालयात ठेव ठेवावी, तिच्या व्याजातून दरवर्षी एका मुलीची फी भरावी आणि त्या मुलीला हे पैसे कोणाच्या घामाचे आहेत, एवढे नीट सांगावे. त्यासाठी शेठ असावे लागत नाही. या दिवाळीत चार भावंडांनी एकत्र बसून हे ठरवावे.