लाथ, थप्पड आणि शिक्षेचे माप

पाऊस सरतो, भाताची कापणी आटोपते आणि रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. चढाईपटू आत शिरतो, कोपऱ्यातला गडी पायावर झेप घेतो आणि बघता बघता तीन-चार जण अंगावर कोसळतात. त्या झटापटीत कुणी गळा आवळला, कुणी केस ओढले, कुणी मुद्दाम गुडघा घातला, हे सामन्याच्या मुख्य पंचाला, म्हणजे सरपंचाला, क्षणात ओळखावे लागते. त्याच्याजवळ तीन कार्डे असतात. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाद. कडेला बसलेल्या पोराटोरांनाही हा हिशेब पाठ असतो. एखाद्याला कार्ड मिळाले म्हणून सहसा कुणी चिडत नाही. मैदान पेटते ते मध्यंतरापूर्वी समोरच्याने हेच केले होते, तेव्हा कार्ड कुठे गेले होते, या प्रश्नावरून.

अंगाला अंग भिडते त्या प्रत्येक खेळात हा प्रश्न येतो. जोर लावणे हाच खेळ असेल, तर जोर संपून हिंसा कुठे सुरू होते? आणि ती झालीच, तर तिचे माप कोणते?

महाराष्ट्राला या प्रश्नाने २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरमध्ये गाठले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी (मॅट) गटाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीतपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपली पाठ टेकलीच नाही, असे शिवराजचे म्हणणे होते. वाद वाढला, शिवराजने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा उचललेला मल्ल पंचावर पाय उगारतो, हे दृश्य घरोघरी पाहिले गेले. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत पृथ्वीराजसमोर उतरलेला महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर संतापला आणि लढत पूर्ण होण्याआधीच आखाड्याबाहेर पडला. त्याच्यावर शिवीगाळ केल्याचा ठपका आला. गदा पृथ्वीराजकडे गेली.

कुस्तीगीर संघाने दोघांनाही तीन-तीन वर्षांसाठी निलंबित केले. लाथेला तीन वर्षे आणि शिवीलाही तीनच. मल्लाच्या ऐन उमेदीची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यातली तीन काढून घेणे ही जबर शिक्षा आहे. ती द्यायलाच हवी होती, असे मानणाऱ्यालाही एक गोष्ट खटकते. हात उचलणे आणि तोंड सोडणे यांत संघाला काहीच फरक दिसला नाही का?

आता दिल्लीकडे पाहू. मे २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत सतेंदर मलिक या मल्लाने पंचाला मारले. भारतीय कुस्ती महासंघाने त्याच्यावर आजीवन बंदी जाहीर केली. पंचावरच हल्ला, निर्णयावरूनच संताप, खेळही तोच. एकीकडे तीन वर्षे, दुसरीकडे जन्माची बंदी.

क्रिकेटचा व्यवहार अधिक शिस्तीचा, असा समज आहे. पण २५ एप्रिल २००८ रोजी मोहालीत आयपीएलच्या सामन्यानंतर मुंबई इंडियन्सच्या हरभजनसिंगने श्रीशांतला थप्पड मारली, तेव्हा सामनाधिकारी फारुख इंजिनिअर यांनी त्याला अकरा सामन्यांची, म्हणजे उरलेल्या सगळ्या हंगामाची बंदी घातली. प्रशिक्षक लालचंद राजपूत यांनाही हस्तक्षेप न केल्याबद्दल दंड झाला. सहा वर्षांनी, ६ मे २०१४ रोजी, वानखेडेवर मिचेल स्टार्कने क्रीजमधून बाजूला झालेल्या कायरन पोलार्डच्या रोखाने चेंडू टाकला आणि पोलार्डने त्याच्या दिशेने बॅट भिरकावली. दोघेही वाचले. पोलार्डला मानधनाच्या ७५ टक्के, स्टार्कला ५० टक्के दंड झाला आणि बंदी कुणालाच नाही. थप्पड लागली होती, बॅट लागली नाही, एवढाच काय तो फरक. ती बॅट चार हात पुढे गेली असती तर?

म्हणजे शिक्षा कृत्याला मिळाली की परिणामाला, हा खरा पेच आहे. त्यात हेतूची भर पडली की गुंता वाढतो. २०१८ मध्ये पोर्ट एलिझाबेथ कसोटीत कगिसो रबाडाचा खांदा स्टीव्ह स्मिथला लागला. सामनाधिकारी जेफ क्रो यांनी तो मुद्दाम लावल्याचे ठरवले. आधीचे डिमेरिट गुण जमेस धरून रबाडावर दोन कसोटींची बंदी आली. अपिलात न्यायाधिकारी मायकेल हेरॉन यांनी मुद्दाम धक्का दिल्याचे सिद्ध होत नाही, असे म्हटले. बंदी उठली आणि मानधनाच्या २५ टक्के एवढा दंड राहिला. पुढची कसोटी रबाडा खेळला. चित्रफीत तीच, खांदा तोच. दोन जाणत्या माणसांना त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या.

जगात या वादाचा सगळ्यात मोठा आखाडा बर्फावर आहे. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीच्या लीगमध्ये, एनएचएलमध्ये, पायाला पाती बांधलेले धिप्पाड खेळाडू वेगाने येऊन प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धडक देतात, आणि ही धडक नियमात बसते. ठोसाठोशी झाली, तरी साधारण पाच मिनिटे बाहेर बसवून भागते. त्यापलीकडच्या हिंसेसाठी लीगचा खेळाडू सुरक्षा विभाग चित्रफीत पाहून बंदी ठरवतो.

हा विभाग येण्यापूर्वी, मार्च २०१० मध्ये, मॅट कुकने मार्क सॅव्हार्डच्या डोक्याला आडून धडक दिली. सॅव्हार्डच्या मेंदूला जबर मार बसला. कुकला एका सामन्याचीही बंदी झाली नाही, कारण तशी धडक तेव्हाच्या नियमांत गुन्हाच नव्हती. सॅव्हार्ड परतला, पण पुढच्या हंगामात पुन्हा डोक्याला मार लागला आणि त्याचा खेळ संपला. लीगने नियम बदलला, तो कुकच्या धडकेनंतरच.

पण कलम आले म्हणून माप सारखे झाले नाही. मे २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने न्यूयॉर्क रेंजर्सच्या एका खेळाडूला पालथे पडलेले असताना ठोसा मारला आणि आर्टेमी पनारिनला हेल्मेट नसताना बर्फावर आपटले. पनारिन उरलेल्या हंगामाला मुकला. विल्सनवर याआधीही बंद्या आल्या होत्या. या वेळी बंदी न घालता त्याला फक्त ५,००० डॉलर दंड झाला; खेळाडू-मालक करारानुसार तोच कमाल दंड होता. रेंजर्सनी सुरक्षा विभागाच्या प्रमुखांवर जाहीर टीका केली, तर लीगने त्या संघालाच २,५०,००० डॉलर दंड ठोठावला. ठोशापेक्षा शब्द पन्नासपट महाग पडले.

हा तोल चुकण्याची कारणे परकी नाहीत. शिक्षा करणारी संस्था आणि स्पर्धा चालवणारी संस्था बहुधा एकच असते. तिला तारा मैदानातही हवा असतो आणि मैदानाचा धाकही हवा असतो. गाजावाजा झाला की शिक्षा फुगते, शांतता राहिली की ती आक्रसते. आणि माप आधी लिहून ठेवलेले नसेल, तर त्या दिवसाचा राग हेच माप होऊन बसते.

तरीही एनएचएलची एक सवय उचलण्याजोगी आहे. २०११ पासून तिथे बंदीच्या निर्णयासोबत चित्रफीत प्रसिद्ध होते. कोणता नियम मोडला, हेतू काय दिसतो, इजा झाली का, खेळाडूचा पूर्वेतिहास काय, हे तीत क्रमाने सांगितले जाते. लोक तरीही भांडतात, पण भांडायला हातात काहीतरी ठोस असते. महाराष्ट्राच्या आखाड्यांना आणि कबड्डीच्या मैदानांना त्यासाठी मोठा खर्च लागणार नाही. कोकणातल्या साध्या स्पर्धेतही गुणलेखकाचे टेबल असते, त्यावर तक्ता असतो आणि लिहिणारा माणूस असतो. लाल कार्डापुढे कारणाची एक ओळ त्याच तक्त्यात मावते. ती ओळ दोन्ही संघांच्या कप्तानांना वाचून दाखवली, की पुढच्या सामन्यातल्या सरपंचापुढेही कालचे माप उघडे राहील.