‘मेक फास्ट’ म्हणजे घाई नव्हे

नाटे, साखरी नाटे, जैतापूर, मुसाकाजी. राजापूर तालुक्यातल्या या खाडीकाठच्या पट्ट्यात समुद्रावर पोट असलेली घरं पुष्कळ. कुणी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, कुणी खलाशी, तर कुणी सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक) काढून परदेशी मालवाहू जहाजांवर गेलेला. जगातल्या व्यापारी जहाजांना सर्वांत जास्त माणसं पुरवणारे पाच देश म्हणजे फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत. त्यामुळे कोकणातला मुलगा आणि व्लादिवोस्तोकचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) एकाच डेकवर दोर ओढताहेत, हे दृश्य अजिबात दुर्मिळ नाही. दोघांच्या मध्ये असते ती इंग्रजी, आणि ती दोघांचीही नव्हे. मराठी मुलगा ती मनात मराठीत आणतो, रशियन माणूस रशियनमध्ये. या दोन भाषांतरांबद्दल जे समज पसरलेले आहेत, त्यांतले बरेच चुकीचे आहेत आणि काही तर चांगलेच महागात पडू शकतात.

गैरसमज : शब्द ओळखीचे असले की हुकूम कळतो

अवघड शब्दांना माणूस घाबरतो, म्हणून ते पाठ करतो. फसवतात ते सोपे शब्द. ‘मेक फास्ट’ हा हुकूम घ्या. नव्या मुलाच्या कानाला तो ‘लवकर कर’ असाच ऐकू येतो. हुकुमाचा अर्थ मात्र दोर खुंटाला घट्ट बांध, असा. ‘फास्ट’ या शब्दाचा पक्का, न हलणारा हा अर्थ जुना आहे. वेगाचा अर्थ नंतर आला. रशियन खलाशी या ठिकाणी ‘क्रिपीत’ म्हणतो, म्हणजे सरळ ‘घट्ट कर’. आपणही ‘घट्ट बांध’ म्हणतो. दोन्ही भाषांत घोटाळ्याला जागा नाही. घोटाळा होतो तो मधल्या इंग्रजीत.

‘पे आउट’चं तेच. पैशाशी काही संबंध नाही. हातातला दोर थोडा थोडा सैल सोडत जायचा, पतंगाला ढील देतात तसा. याला रशियन दर्यावर्दी ‘त्रवीत’ म्हणतात, आणि जमिनीवरच्या रशियन माणसाला त्याच शब्दाचा पहिला अर्थ ‘विष घालणे’ असा आठवतो. ‘लेट गो’साठी त्यांचा शब्द ‘अद्दात’, म्हणजे देऊन टाकणे. जहाज धक्क्यावरून सुटताना ‘अद्दात कनत्सी’ असा हुकूम होतो: दोरांची टोकं सोडा. गावात कुणाबद्दल हेच शब्द वापरले, तर तो माणूस गेला असं समजायचं. नांगर टाकायचा असला तरी खलाशी ‘अद्दात’च म्हणतो, किनाऱ्यावरचे लोक ‘ब्रोसित’ म्हणजे ‘फेकणे’ म्हणतात. आपला ‘नांगर टाकणे’ अगदी त्याच घडणीचा आहे.

म्हणजे डेकवरचे हे हुकूम प्रत्येक भाषेत एकेक गठ्ठा आहेत. गठ्ठा सोडून आतले शब्द वेगवेगळे मोजायला बसलं, की भाषांतर चुकलंच.

गैरसमज : जहाजावरच्या प्रमाण इंग्रजीतून असले शब्द काढून टाकले आहेत

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये ‘एसएमसीपी’ हा प्रमाण वाक्यांचा संच मंजूर केला. ५०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजावर टेहळणीची जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो समजणं आणि वापरता येणं बंधनकारक आहे. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ हे डळमळीत शब्द त्यात टाळायला सांगितले आहेत, कारण ‘तू जाऊ शकतोस’ हे वाक्य परवानगी देतं की शक्यता सांगतं, हे वायरलेसवर कळत नाही. निरोपाच्या आधी तो सूचना आहे, इशारा आहे, प्रश्न आहे की विनंती, हेही सांगता येतं.

एवढं सगळं करूनही ‘लेट गो’, ‘मेक फास्ट’, ‘हीव्ह अवे’, ‘स्टँड बाय’ हे शब्द त्यात ठेवलेलेच आहेत. दर्यावर शेकडो वर्षं रुळलेले शब्द काढले असते, तर गोंधळ वाढला असता. एका शब्दगटाचा एकच अर्थ ठरवून दिला आणि तो बदलायचा नाही, असा हा उपाय आहे. ‘स्टँड बाय’ म्हणजे बाजूला उभा राहा नव्हे, तयार राहा. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो.

गैरसमज : फ्रेझल व्हर्ब ही इंग्रजीचीच खोड, रशियनमध्ये आणि मराठीत तसं काही नसतं

या समजामुळे मराठी मुलं सर्वांत जास्त अडतात, म्हणून इथे थोडं थांबू.

इंग्रजी साध्या क्रियापदाच्या मागे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ असे छोटे शब्द लावते, आणि क्रिया पुरी झाली, बाहेर आली, तुटली असं काहीतरी त्यातून सुचवते. रशियन हेच काम क्रियापदाच्या पुढे उपसर्ग लावून करते. ‘पीत’ म्हणजे पिणे; आपल्या ‘पी’ धातूचा तो लांबचा भाऊच. ‘वीपित’ म्हणजे पिऊन टाकणे. आणि मराठी? मराठी मागे दुसरं क्रियापद उभं करते: पिऊन टाकणे, जळून जाणे, सोडून देणे, सांगून ठेवणे, बोलून बसणे. ‘टाकणे’त काही फेकलं जात नाही आणि ‘बसणे’त कुणी बसत नाही. ‘मी बोलून बसलो’ यातला पश्चात्ताप तर इंग्रजीच्या ‘ब्लर्ट आउट’मध्येही एवढा नाही.

म्हणून ‘ड्रिंक अप’चं रशियन करायचं असेल, तर ‘अप’ला प्रतिशब्द शोधू नये. आधी मनात ‘पिऊन टाक’ म्हणावं. मग कोणता उपसर्ग हवा याचा अंदाज लवकर येतो. ‘ड्रॉप इन’ तर मराठी माणसाला फुकटात मिळतं. रशियन ‘झग्लिनूत’ म्हणजे आत डोकावणे, आणि त्याचाच दुसरा अर्थ वाटेत कुणाच्या घरी क्षणभर जाणे. ‘जाता जाता आमच्याकडे डोकावून जा’ हे आपण कोकणात रोज म्हणतो.

पण हे साम्य सगळीकडे पुरत नाही. ‘चहा पिऊन टाकला’ असं आपण म्हणतो. ‘चहा पिऊन टाकला नाही’ असं सहसा म्हणत नाही. नकार आला की मराठीतलं मागचं क्रियापद गळतं आणि ‘चहा प्यायला नाही’ एवढंच उरतं. रशियनमध्ये नकारातही उपसर्ग टिकतो, आणि तिथे निवड करावी लागते. ‘न्ये पील’ म्हटलं तर चहाला तोंडच लावलं नाही. ‘न्ये वीपिल’ म्हटलं तर प्यायचा होता पण झाला नाही, किंवा कपात उरला. मराठीतून आलेला विद्यार्थी इथे हमखास घसरतो, कारण त्याच्या भाषेने नकारात हा फरक ठेवलेलाच नाही. तेव्हा ‘संपवला नाही’ असं मनात म्हणून पाहावं.

दुसरी घसरण म्हणजे एका ‘अप’ला एक उपसर्ग कायमचा जोडून ठेवणे. ‘गिव्ह अप’ सिगारेटबद्दल असेल तर रशियनमध्ये ‘ब्रोसित’, शत्रूपुढे असेल तर ‘स्दात्सा’. मराठीतही आपण पहिल्याला ‘सोडणे’ आणि दुसऱ्याला ‘शरण जाणे’ म्हणतो. एकच शब्द दोन्हीकडे ओढत नाही.

उपसर्गाचं वजन किती असतं, हे साऱ्या जगाने एकदा पाहिलं. ६ मार्च २००९ रोजी जिनिव्हात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांना एक लाल बटण भेट दिलं. संबंध नव्याने सुरू करू, म्हणून त्यावर ‘रीसेट’ लिहिलं होतं आणि शेजारी रशियन शब्द. हवा होता ‘पेरेझाग्रूस्का’. छापला होता ‘पेरेग्रूस्का’. मधला ‘झा’ गळला आणि ‘पुन्हा भरून सुरू करणे’ याचा अर्थ ‘जादा भार’ असा झाला. चूक लावरोव यांनी तिथल्या तिथे दाखवून दिली.

गैरसमज : वाक्प्रचार मातीतून उगवतात, त्यांचं भाषांतर होतच नाही

काहींचं खरंच होत नाही. पण इंग्रज ज्याला ‘महासागरातला थेंब’ म्हणतो, त्याला रशियन ‘समुद्रातला थेंब’ म्हणतो आणि आपण ‘दर्यात खसखस’. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ याला रशियनमध्ये झकास जोडीदार आहे: समुद्रापलीकडे कालवड कवडीमोलाची, पण वाहतुकीला रुबल. नाट्याच्या बंदरावर ही म्हण कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. इंग्रजी पावसातल्या कुत्र्यामांजरांना मात्र दोन्ही भाषांत थारा नाही. रशियन पाऊस बादलीतून ओतल्यासारखा पडतो, आपला मुसळधार.

शिवाय आपले म्हणून आपण जे वापरतो, त्यातलं बरंचसं भाषांतरच आहे. ‘मधुचंद्र’ अस्सल मराठी वाटतो, पण तो इंग्रजी ‘हनिमून’वरून घडवला, रशियनांनीही त्याच अर्थाचा ‘मधाचा महिना’ केला. ‘शीतयुद्ध’, ‘लोखंडी पडदा’, ‘हिरवा कंदील दाखवणे’ यांची रशियन रूपंही जवळपास हुबेहूब आहेत. वापरणाऱ्याला उपरं वाटेनासं झालं की भाषांतर जमलं, असं मी मानतो.

गैरसमज : यंत्राने बायबलचं वाक्य ‘व्होडका चांगली, मांस नासकं’ असं केलं होतं

मन तयार आहे पण देह दुबळा, या अर्थाचं बायबलमधलं वाक्य संगणकाने रशियनमध्ये नेलं, परत इंग्रजीत आणलं आणि त्याची दारू-मटणाची गोष्ट झाली, असं अनेक लेखांत सापडतं. असं खरोखर घडल्याचा पुरावा कुणाला मिळालेला नाही. यंत्रभाषांतराचा इतिहास लिहिणारे जॉन हचिन्स यांनी ही दंतकथा म्हणूनच नोंदवली आहे. कधी व्होडका असते, कधी व्हिस्की. खरं घडलं ते वेगळंच: ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने साठेक रशियन वाक्यं इंग्रजीत करून दाखवली. शब्द होते २५०, व्याकरणाचे नियम सहा, आणि वाक्यं आधीच निवडून घेतलेली.

अशीच एक दंतकथा डेकवरही आहे. वरून काही पडत असलं की रशियन खलाशी ‘पलून्द्रा!’ ओरडतो. हा शब्द इंग्रजी ‘फॉल अंडर’चा अपभ्रंश, असं सांगितलं जातं. भाषातज्ज्ञ त्याचं मूळ डच भाषेत, ‘खालच्यांनो, सांभाळा’ अशा अर्थाच्या हाकेत दाखवतात. झार पीटरच्या काळात रशियन आरमार उभं राहिलं तेव्हा डच शब्दांची मोठी भरती झाली होती. आपल्याकडेही तसंच. भार उतरवताना आपला खलाशी ‘आरिया’ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. रशियन गोदीत त्याच कामाला ‘मायना’ आणि चढवायला ‘वीरा’ म्हणतात. हे दोन्ही शब्द इटालियन. ‘लश्करी’, म्हणजे भारतीय खलाशांच्या मिश्र भाषेचे असे शब्द थॉमस रोबक याने १८११ मध्ये कोशात गोळा केले होते.

म्हणून जहाजावर जाणाऱ्याने वही ठेवावी ती शब्दांची नव्हे, प्रसंगांची: धक्क्याला लागताना, सुटताना, नांगराच्या वेळी, आगीच्या वेळी. प्रत्येक प्रसंगाचा इंग्रजी हुकूम, त्यावर हातांनी करायचं काम, आणि त्या कामाला आपल्या बंदरावर ज्या शब्दाने हाक मारतात तो शब्द. रशियन सोबती असेल तर त्याला त्याचा शब्द विचारावा आणि शेजारी लिहावा. वाक्प्रचार जेवणाच्या टेबलावर हवे तेवढे वापरावेत. कामावर प्रमाण वाक्याबाहेर जाऊ नये, आणि न कळल्यास ‘से अगेन’ म्हणायला लाजू नये. सुकाणूवरच्या माणसाने तर मिळालेला प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणायचा आणि तो बरोबर, ताबडतोब पाळला जातोय ना हे अधिकाऱ्याने पाहायचं, असा एसएमसीपीतला नियमच आहे.