शिकागोचे दोन गुण

जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने एका तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं आणि महाविद्यालयांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून कॉलेज फुटबॉलच्या जुन्या चाहत्यांचा एकच सूर आहे: पैशाने खेळ नासवला. त्यांचं दुःख खरं आहे, निदान मात्र चुकलं आहे. पैसा या खेळात पहिल्यापासूनच मुरलेला आहे. पुरावा हवा असेल तर शिकागो विद्यापीठाचा १९०५चा विजेता हंगाम पाहावा.

त्या वर्षी ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या मार्शल फील्डवर पंचवीस हजारांहून अधिक लोक लोटले होते. समोर होता प्रशिक्षक फील्डिंग योस्टचा मिशिगन संघ, १९०१ पासून ५६ सामने अपराजित. उत्तरार्धात शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलची लांब किक मिशिगनच्या डेनी क्लार्कने स्वतःच्याच गोलरेषेमागे घेतली. तो चेंडू घेऊन बाहेर धावला, पण शिकागोच्या गड्यांनी त्याला मागे रेटत पुन्हा रेषेपलीकडे पाडलं. शिकागोला दोन गुण मिळाले, सामना २-० असा संपला आणि प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅगचा संघ अजिंक्य ठरला. क्लार्कवर वर्तमानपत्रं तुटून पडली. १९३२ साली त्याने आत्महत्या केली. हा निरागस विद्यार्थ्यांचा खेळ म्हणायचा? १९०५च्या त्याच नोव्हेंबरमध्ये ‘कॉलियर्स’ नियतकालिकात एडवर्ड जॉर्डनची लेखमाला सुरू झाली. विजयासाठी खेळाडू कसे ओढून आणतात, हे तिने शिकागो आणि मिशिगनची नावं घेऊन मांडलं. एकरसॉल तर पदवी न घेताच बाहेर पडला.

तरीही त्या पिढीजवळ एक गोष्ट होती, आणि ती हरवल्याची हळहळ वाटते. १९०५ साली देशभरात मैदानावर किमान अठरा जणांचे जीव गेले होते. जानेवारी १९०६ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स एंजल यांच्या पुढाकाराने पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्सची बैठक भरली. त्यानंतर हंगाम पाच सामन्यांवर आला, पहिल्या वर्षाच्या मुलांना संघाचं दार बंद झालं आणि खेळण्याची मुदत तीन वर्षांची झाली. ऐन विजयाच्या भरात विद्यापीठांनी स्वतःच्याच संघांना वेसण घातली.

या सुधारणा टिकल्या कुठे, असं कोणी विचारील. मिशिगन लवकरच कॉन्फरन्समधून बाहेर पडलं आणि १९१७ मध्ये परतलं, हे खरंच. पण छोट्या हंगामाने खेळ मेला नाही. शिकागोने १९०७ आणि १९०८ साली पुन्हा विजेतेपद मिळवलं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: खेळाडूंच्या घामावर इतरांनी शतकभर पैसा केला, मग आता त्यांना वाटा का नको? तो मिळायलाच हवा होता, आणि फार आधी. पण वाटा देताना ओझं कमी करायचं कोणाच्याही मनात आलं नाही. तीच कॉन्फरन्स आज बिग टेन या नावाने १८ विद्यापीठांची, अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली आहे. तिच्यातल्या ओहायो स्टेटला २०२४च्या हंगामातलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवायला १६ सामने खेळावे लागले, आणि ‘पुरे’ म्हणणारा एकही एंजल पुढे आला नाही.