सुई ओढली जात नाही, वळते

होकायंत्राची सुई उत्तर ध्रुवाकडे ओढली जाते, हे इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यात शंका घेण्यासारखे काही वाटत नाही. होकायंत्रे बनवणाऱ्या रॉबर्ट नॉर्मन या इंग्रज कारागिराने १५८१ मध्येच ही समजूत खोडून काढली होती. त्याने चुंबकित सुई बुचात खोवली आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाखाली अधांतरी राहील इतके बूच तासले. सुई वळली, एका टोकाने खाली कललीही. पण उत्तरेकडे तसूभर सरकली नाही. याचे कारण साधे आहे. सुईच्या काही सेंटिमीटर लांबीत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे तिच्या दोन टोकांवर सारखीच पण उलट दिशांची बले लागतात. ती सुईला फिरवतात, पुढे नेत नाहीत. मग टाचण्या लोहचुंबकाकडे कशा धावतात, असे कोणी विचारील. लोहचुंबकाजवळ क्षेत्र थोड्याशा अंतरातही झपाट्याने बदलते, जवळच्या टोकावरचे बल वरचढ ठरते आणि टाचणी ओढली जाते.

एवढे ध्यानात घेतले की ‘उत्तरेला डोके करून झोपू नये, रक्तातले लोह डोक्याकडे खेचले जाते’ या सल्ल्याचा निदान वैज्ञानिक आव तरी गळून पडतो. (रूढी म्हणून कोणाला पाळायचा असेल, तर तो निराळा विषय.) रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते, ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच सारले जाते. आपल्याकडचे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला, तर रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचे बहुधा दीड टेस्ला, म्हणजे तीस हजार पटींहून अधिक. त्या यंत्रात झोपलेल्या माणसाचेही रक्त डोक्यात गोळा होत नाही.

सुई ओढली जात नाही, तर ती दाखवते काय? ती जिथे आहे तिथल्या क्षेत्राची दिशा, एवढेच. हे क्षेत्र पृथ्वीच्या पोटातल्या एखाद्या पट्टीचुंबकाचे नव्हे. लोखंडाचे कायम चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला नाहीसे होते आणि गाभ्याचे तापमान काही हजार अंश आहे. बाह्य गाभ्यात वितळलेले लोखंड घुसळत असते. त्यातले विद्युतप्रवाह हे क्षेत्र निर्माण करतात आणि टिकवून धरतात. घुसळण अनियमित, म्हणून क्षेत्रही वेडेवाकडे. जेम्स क्लार्क रॉसला १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात सापडलेला चुंबकीय ध्रुव आता सायबेरियाच्या रोखाने बराच पुढे गेला आहे, आणि सुई नेमकी त्याच्याही रोखाने असतेच असे नाही.

तरीही खलाशी शतकानुशतके तिच्या भरवशावर फिरलेच की, हा आक्षेप रास्त आहे. पण दर्यावर्दी हिशेब करत असत. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन, म्हणजे दिक्पात, ठिकाणोठिकाणी वेगळा असतो. एडमंड हॅलीने १७०१ मध्ये अटलांटिकचा नकाशाच त्यासाठी छापला. मुंबई परिसरात हा कोन एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे समजुतीतली चूक इथे सहसा उघडी पडत नाही. सुईची नोंद ठेवणाऱ्यांना मात्र एवढ्यावर भागत नव्हते: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहांनी मोजमापे बिघडतील म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले.