पहिली दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन: स्पर्धेची निवड आणि सरावाचे पंचांग

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन टप्पे एकाच दिवशी, एकामागून एक आणि मध्ये घड्याळ न थांबवता पूर्ण करण्याच्या स्पर्धेला ट्रायथलॉन म्हणतात. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले असून तेथे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असा पल्ला असतो. दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये हेच अंतर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन इतके वाढते, तर त्याच्या नेमक्या निम्म्या अंतराची, म्हणजे एकूण सुमारे ११३ किलोमीटरची स्पर्धा ‘अर्धा पल्ला’ म्हणून ओळखली जाते. बोलण्यात या दोन्हींना सरसकट ‘आयर्नमॅन’ म्हटले जात असले, तरी ते एका व्यावसायिक संस्थेच्या स्पर्धामालिकेचे नाव आहे, आणि तेवढ्याच अंतराच्या स्पर्धा ‘चॅलेंज’सारख्या इतर संस्थाही भरवतात. नवख्याने निवड करताना हा भेद ध्यानात ठेवला, तर त्याच्यापुढील पर्याय आपोआप वाढतात.

हे अंतर शरीरशास्त्राच्या कोणत्याही सूत्रातून आलेले नाही. हवाईतील ओआहू बेटावर आधीपासून तीन स्वतंत्र स्पर्धा होत असत: वायकिकीची समुद्रपोहण्याची शर्यत, बेटाला फेरी घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी या तिन्हींची सांगड घालून १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली स्पर्धा भरवली. तीत १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली, आणि गॉर्डन हॅलर हा सुमारे पावणेबारा तासांत पहिला आला. एका विशिष्ट बेटाच्या भूगोलातून जन्मलेले हे अंतर पुढे जगभरच्या थंड सरोवरांवर, सपाट किनाऱ्यांवर आणि डोंगराळ रस्त्यांवर जसेच्या तसे नेले गेले. त्यामुळे अंतर तेच असूनही दोन ठिकाणच्या स्पर्धांचे काठिण्य सर्वस्वी भिन्न असू शकते.

मराठी वाचकाला हा खेळ ठळकपणे परिचित झाला तो २०१५ मध्ये, जेव्हा मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची पूर्ण पल्ल्याची स्पर्धा पूर्ण केली. त्यानंतर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या पल्ल्याची आयर्नमॅन स्पर्धा सुरू झाली आणि परदेशप्रवास न करता या खेळात उतरण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून नवखे खेळाडू प्रशिक्षकांना हमखास विचारतात तो प्रश्न सर्वांत सोपी स्पर्धा कोणती, हा होय. वास्तविक स्पर्धा एक दिवसाची असते आणि तिचा सराव सहा ते नऊ महिन्यांचा असतो. म्हणून स्पर्धेची तारीख निश्चित करणे म्हणजे वर्षातील कोणत्या महिन्यांत सर्वाधिक कष्ट करावयाचे हे निश्चित करणे होय, आणि निवडीचा विचार याच टोकाकडून सुरू होणे इष्ट आहे.

वेळमर्यादेचे गणित

प्रत्येक टप्पा ठरावीक वेळेत संपवण्याच्या बंधनाला ‘कट-ऑफ’ म्हणतात, आणि ती वेळ उलटल्यास खेळाडूला स्पर्धेतून थांबवले जाते. पूर्ण पल्ल्यासाठी रूढ मर्यादा पोहण्याला २ तास २० मिनिटे, सायकलचा टप्पा संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेदहा तास आणि एकूण १७ तास अशी आहे. काही ठिकाणी ती याहून कडक असते. हे आकडे वेगात रूपांतरित केले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. पोहण्यात प्रत्येक १०० मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंदांपर्यंत मुभा मिळते. परंतु ही मुभा जवळजवळ पुरेपूर वापरून सव्वादोन तासांनी पाण्याबाहेर आलेल्या आणि कपडे बदलण्यात पाव तास घालवलेल्या खेळाडूला १८० किलोमीटरसाठी आठच तास उरतात, म्हणजे थांबे धरून ताशी २२.५ किलोमीटरची सरासरी राखावी लागते. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या या संक्रमणाला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात, आणि त्याचाही वेळ एकूण वेळेत मोजला जातो.

अर्धा पल्ला हा सौम्य पर्याय समजला जातो, तरी त्याचे गणित वेगळेच काही सांगते. तेथे रूढ मर्यादा पोहण्याला १ तास १० मिनिटे, सायकल संपेपर्यंत साडेपाच तास आणि एकूण साडेआठ तास अशी असते. त्यामुळे सायकल अगदी शेवटच्या मिनिटाला संपवणाऱ्याला २१.१ किलोमीटर धावण्यासाठी तीन तास, म्हणजे किलोमीटरला सुमारे साडेआठ मिनिटे मिळतात, तर पूर्ण पल्ल्यात तशाच स्थितीतील खेळाडूला किलोमीटरला सव्वानऊ मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. अर्ध्या पल्ल्यात अंतर निम्मे होते, पण सवलत दुप्पट होत नाही. ज्याचा मूळ वेग कमी परंतु दम मोठा आहे, अशा खेळाडूने हा फरक कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.

पाणी: समुद्र, सरोवर की कालवा

ट्रायथलॉनमधील मृत्यूंपैकी बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यात घडतात, ही वस्तुस्थिती लक्षात घेता पाण्याची निवड ही सोयीइतकीच सुरक्षिततेची बाब ठरते, आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी हृदयाची वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते. जर्मनीतील रोथची प्रसिद्ध स्पर्धा माइन–डॅन्यूब कालव्यात होते आणि तेथे लाटांचा त्रास नसतो. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्टचे पोहणे वोर्थरझे या सरोवरात होते. बार्सिलोनाजवळच्या कालेयाचे भूमध्य समुद्रात, तर मिरामारचे अरबी समुद्रात. खारे पाणी शरीराला अधिक तरंगते ठेवते, पण लाटा श्वासाची लय मोडतात. सरोवराचे पाणी शांत असते, पण युरोपात ते उन्हाळ्यातही पुष्कळदा २० अंशांच्या खाली असते. कोमट पाण्याच्या तलावात सराव केलेल्या महाराष्ट्रातील पोहणाऱ्याला अशा पाण्यात शिरताच धाप लागते, आणि तिला तो अनेकदा स्वतःचा कमकुवतपणा समजून घाबरतो. प्रत्यक्षात ती त्वचेला अचानक थंडी लागल्याने होणारी प्रतिक्षिप्त क्रिया असून एक-दोन मिनिटांत ओसरते.

थंड पाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रबरी, अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाला ‘वेटसूट’ म्हणतात. तो ऊब देतो आणि शरीर वर तरंगवतो, त्यामुळे पाय खाली बुडणाऱ्या पोहणाऱ्याला त्याचा लक्षणीय लाभ होतो. आयर्नमॅनच्या नियमांनुसार पाणी २४.५ अंशांपर्यंत असताना तो हौशी खेळाडूंना चालतो, त्यापुढे २८.८ अंशांपर्यंत घालता येतो पण घालणारा बक्षिसास पात्र राहत नाही, आणि त्याहून उष्ण पाण्यात त्याला बंदी असते. गोव्याच्या समुद्रात हा आधार सहसा मिळत नाही. म्हणून पोहणे कच्चे असलेल्याने ‘घरचा समुद्र’ एवढ्या कारणाने गोवा सोपे मानू नये. मालवणजवळच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धा किंवा मुंबईत संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया यांसारखे बंदोबस्तातील पोहणे आधी अनुभवून पाहावे. राज्यातील अनेक धरणांच्या जलाशयांत पोहण्यास मनाई असते, आणि जेथे ती नसते तेथेही एकट्याने सराव करणे धोक्याचे असते.

सायकलचा मार्ग: चढ, वारा आणि सपाटी

एकूण वेळेचा जवळजवळ निम्मा भाग सायकलवर जातो, म्हणून मार्गातील सर्व चढांची बेरीज, म्हणजेच एकूण चढाई, हा स्पर्धेच्या माहितीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा मानावा लागतो. स्पेनच्या लान्सारोते बेटावरील स्पर्धेत ही चढाई सुमारे अडीच हजार मीटर आहे आणि तिच्या जोडीला बेटावरचा अखंड वारा असतो. नॉर्वेतील ‘नॉर्समन’मध्ये खेळाडू पहाटे फेरीबोटीतून हार्दांगर फ्योर्डच्या थंड पाण्यात उडी घेतात आणि शेवट गाउस्ताटोप्पेन या पर्वतशिखरावर होतो. या स्पर्धा कीर्तीने मोठ्या असल्या, तरी पहिल्या प्रयत्नासाठी त्या निवडण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

याउलट कोपनहेगन, कालेया किंवा ऑस्ट्रेलियातील बसलटन यांचे मार्ग तुलनेने सपाट आहेत. मात्र सपाट मार्गावर उताराची विश्रांती मिळत नाही. सहा-सात तास अखंड पेडल मारत एकाच वाकलेल्या स्थितीत राहावे लागते, आणि त्यामुळे मान, पाठ व बैठक यांची कसोटी घाटातल्यापेक्षा अधिक लागते. पुणे, मुंबई व नाशिक येथे लोकप्रिय असलेल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करावयाच्या सायकलफेऱ्या, अंतराची भीती घालवण्यास उत्तम आहेत. पण ब्रेव्हेत सोबत्याच्या मागे राहून वारा चुकवता येतो आणि चहाला थांबता येते. दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये पुढच्या सायकलच्या आडोशाने जाणे, ज्याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात, निषिद्ध असून ठरावीक अंतर न राखणाऱ्याला वेळेचा दंड होतो. सपाट मार्ग निवडणाऱ्याने म्हणूनच न थांबता एकट्याने केलेल्या चार-पाच लांब फेऱ्यांवरून स्वतःची पारख करावी.

महाराष्ट्राचे ऋतू आणि स्पर्धेची तारीख

कोणत्याही सराव-आराखड्यात स्पर्धेपूर्वीचा बारावा ते तिसरा आठवडा सर्वांत जड असतो. त्यात शनिवार-रविवारी पाच-सहा तासांची सायकल आणि लांब धाव येते, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत शरीराला ताजेतवाने होऊ देण्यासाठी सराव कमी केला जातो, त्याला ‘टेपरिंग’ म्हणतात. हे जड आठवडे महाराष्ट्राच्या कोणत्या ऋतूत पडतात, यावर सरावाची प्रत अवलंबून असते.

युरोपातील बहुतेक मोठ्या स्पर्धा जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंत होतात. जुलैच्या प्रारंभीच्या स्पर्धेसाठी जड आठवडे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतात. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात चाळिशी पार केलेला पारा आणि कोकणात घामाने निथळवणारी दमट हवा यांना तोंड देत पहाटे चारला घर सोडावे लागते. यात एक लाभही दडलेला आहे: उष्णतेत १० ते १४ दिवस नियमित व्यायाम केल्यास रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातील मीठ कमी होते, आणि असे शरीर युरोपच्या थंड हवेत सहज चालते. ऑगस्टमधील स्पर्धेचे जड आठवडे मात्र ऐन पावसाळ्यात येतात, आणि मग घाटमाथ्यावरील वा कोकणातील खेळाडूला सायकल एका जागी बसवून चाकाला यांत्रिक अवरोध देणाऱ्या ट्रेनरवर घरातच तास काढावे लागतात. पर्जन्यछायेतील सोलापूर-अहिल्यानगरकडच्या खेळाडूला ही अडचण कमी जाणवते.

गोवा आणि कालेया यांसारख्या ऑक्टोबरच्या आसपासच्या स्पर्धांचेही जड आठवडे जुलै ते सप्टेंबरच्या पावसात जातात, आणि गोव्यात तर त्यानंतर थेट ‘ऑक्टोबर हीट’मध्ये उतरावे लागते. डिसेंबरच्या सुरुवातीच्या बसलटनसाठी जड आठवडे सप्टेंबर ते नोव्हेंबर असे येतात, आणि सर्वांत लांब सराव नेमका दिवाळीच्या दिवसांत पडतो, याची घरच्यांना आधी कल्पना देणे शहाणपणाचे ठरते. याच बसलटनमध्ये २०१७ साली शार्क दिसल्याने पोहण्याचा टप्पा रद्द करावा लागला होता. खुल्या पाण्यात अशी शक्यता गृहीतच धरावी लागते. न्यूझीलंडमधील टाउपो येथील मार्चच्या स्पर्धेचे जड आठवडे डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात, आणि महाराष्ट्रात कोरडे रस्ते व गार सकाळ एकत्र मिळण्याचा याहून चांगला काळ नाही. तिथली अडचण आहे ती थंड सरोवराची आणि लांबच्या महाग प्रवासाची.

खर्च, प्रवास आणि आहार

नोंदणी शुल्क मोठे असते आणि ते पूर्णपणे परत मिळण्याची शक्यता कमी असते, म्हणून माघार वा पुढे ढकलणे यांचे नियम आधी वाचावेत. रोथसारख्या स्पर्धेच्या जागा विक्री सुरू होताच संपतात, त्यामुळे तिच्यावर वर्षाची आखणी करणे जोखमीचे आहे. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात. सायकल सुटी करून पेटीतून नेणे, ती पुन्हा जुळवणे आणि बिघाड झाल्यास दुरुस्त करणे हे आधी घरी करून पाहावे. ठिकाणेही बदलतात: झुरिचची पूर्ण पल्ल्याची स्पर्धा पुढे थुन येथे हलली, म्हणून जुन्या स्पर्धकांच्या आठवणींपेक्षा त्या वर्षीची अधिकृत मार्गदर्शिका प्रमाण मानावी. तीतच वाटेवरील मदतकेंद्रांवर कोणते पेय व खाद्य मिळेल हे दिलेले असते. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पचवण्याची सवय पोटाला सरावातच लावावी लागते, आणि अनोळखी पेयाने ऐन स्पर्धेत पोट बिघडणे हे माघारीचे नेहमीचे कारण असते.

निवडीचा क्रम

वरील सर्व बाबी एकत्र पाहता प्रथम सरावाचे महिने, मग पाणी, त्यानंतर सायकलचा मार्ग आणि शेवटी कीर्ती व पर्यटन असा विचारांचा क्रम युक्त ठरतो. कच्चा पोहणारा वेटसूट चालणारे शांत सरोवर शोधेल; समुद्राला सरावलेला पण थंडीला बिचकणारा कालेया किंवा मलेशियातील लंकावीकडे वळेल, मात्र लंकावीचा दमटपणा आणि सायकलमार्गातील चढ मोजूनच. ज्याचे कार्यालयीन काम मार्चअखेरीस शिगेला पोहोचते, त्याला टाउपो कितीही अनुकूल वाटली तरी ती चुकीचीच ठरेल.

या दिवाळीत संकल्प करणाऱ्याला घाई नसेल, तर एक सोयीचा क्रम उपलब्ध आहे. चालू हिवाळ्यात पोहण्याचे तंत्र आणि सायकलचा पाया घालावा, पुढील वर्षी गोव्यात अर्धा पल्ला पूर्ण करून ट्रान्झिशन, उष्णता आणि आहार यांची परीक्षा द्यावी, आणि तो दम ओसरू न देता त्यापुढील हिवाळ्यात जड सराव करून मार्चमधील पूर्ण पल्ल्याला, किंवा प्रवासखर्चाचा विचार करता युरोपातील जूनअखेरीच्या स्पर्धेला सामोरे जावे. अर्ध्या पल्ल्यात वेळमर्यादेच्या तासभर आत येणाऱ्या खेळाडूने पूर्ण पल्ल्याची नोंदणी करण्यास हरकत नाही. जो काठावर निसटला असेल, त्याने आणखी एक वर्ष अर्ध्या पल्ल्यालाच देणे हा अधिक फलदायी निर्णय ठरतो.